शोभेच्या खुर्चीची चाकं

आमच्या वहिनींना कारखान्यात सगळे ‘सोयरीकबाई’ म्हणतात. आम्ही चाकांच्या खुर्च्या बनवतो. कुठल्या ऑर्डरला कुठला माल लागणार आणि आलेला माल कुठल्या ऑर्डरचा, या गाठी बांधायचं काम त्यांचं. मी तिथेच स्टोअर सांभाळतो. माझ्या लेखी चाक म्हणजे चाक. त्यांना मात्र एखादा स्क्रू दाखवा. तो कुठल्या ब्रेकमध्ये बसणार, तो ब्रेक कुठल्या खुर्चीला लागणार आणि ती खुर्ची कुणाच्या दारात जाणार, हे त्या कॉम्प्युटरवर एकेक पायरी चढत दाखवतात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी आ वासून उभाच राहिलो. एवढ्याशा स्क्रूची कुठेतरी कुणीतरी वाट बघत बसलंय!

यंदा त्या वाट बघणाऱ्यांत आमचे बाबाही होते. झटका येऊन त्यांचं डावं अंग गेलं. तेव्हापासून त्यांना न्हाणीघरात न्यायचं तर मीच उचलून नेतो. ज्याला खांद्यावर खेळवलं त्याच्याच कडेवर बसायचं, याची त्यांना फार लाज वाटायची. त्यांच्यासाठी खुर्ची रीतसर नोंदवली होती, पण पुढच्या छोट्या चाकांचा माल यायचा थांबला आणि सगळं घोडं अडलं.

एका दुपारी वहिनी स्टोअरमध्ये आल्या.

“भाऊजी, ऑफिसच्या दारात ती चकचकीत खुर्ची ठेवलीय ना, तिच्यामागे कुणाचीच ऑर्डर नाही. नुसती शोभेची आहे. साहेब हो म्हणालेत. चाकं काढून घ्या.”

रोज तिच्यासमोरून जात होतो मी, पण माझ्या डोक्यात हे आलं नव्हतं! पाना घेऊन धावलोच. चाकं काढली, पुसली, बाबांच्या खुर्चीच्या सांगाड्याजवळ नेऊन ठेवली.

“तिथे नाही,” वहिनी म्हणाल्या. “बाबांच्या आधी एकांचा नंबर आहे. शिवणकाम करणाऱ्या बाई आहेत.”

माझं डोकंच सणकलं. “घरचं माणूस अंथरुणाला खिळलंय आणि तुम्ही परक्यांची सोय बघताय?”

“कॉम्प्युटरवर मला त्या बाई दिसल्यात भाऊजी. आता दिसल्याच नाहीत असं कसं करू?” त्यांचे डोळे भरून आले होते, पण चाकं त्यांनी स्वतः उचलून त्या बाईंच्या सांगाड्याशी नेली.

संध्याकाळी जेवताना मी मुद्दाम बाबांसमोर विषय काढला. म्हटलं, होऊन जाऊ दे सोक्षमोक्ष. बाबांनी सगळं ऐकून घेतलं.

“सूनबाई, त्या बाईंना उचलायला घरात कुणी आहे?”

“माहीत नाही बाबा. ऑर्डरवर ते लिहिलेलं नसतं.”

“मला आहे,” बाबा म्हणाले आणि चांगला हात त्यांनी माझ्या पाठीवर ठेवला.