भाऊ आणि शेऱ्याचा रकाना

दुकानातल्या मालाचा स्टॉक मोजता येतो, किश्श्यांचा नाही. नटबोल्ट विकले की रॅक रिकामा होतो. किस्सा मात्र जितक्यांना द्याल तितका फुगतो आणि परत आपल्याच गोडाऊनमध्ये येऊन बसतो. माझ्याकडे आता असा काही डेडस्टॉक झालाय की एखाद्या दिवशी सेल लावावा लागेल!

यातला निम्मा माल भाऊचा. भाऊ म्हणजे माझा भागीदार, नारायण. राहणार माहीम. आपलं केळव्याजवळचं माहीम हं, मुंबईतलं नव्हे. घरी नारळ-पानवेलींची वाडी, पण याला लहानपणापासून लोखंडाचा नाद. मी दहावीनंतर थेट गल्ल्यावर बसलेला माणूस. दोघांनी मिळून बोईसरला एमआयडीसीच्या रस्त्यावर हार्डवेअरचं दुकान टाकलं. व्हॉल्व्ह, बेअरिंग, पंपाचे पार्ट असला माल. खरेदी मी बघायचो, काउंटर भाऊ.

यंदा गणपतीनंतर भाऊला झटका आला. हातपाय बऱ्यापैकी सावरले, पण वाचा बसली. कळतं सगळं, डोळे बोलतात, शब्द बाहेर येत नाही. दिवसभर दुसऱ्याचं डोकं खाणारा हा माणूस, आणि आता घरात नुसता पंख्याचा आवाज! डॉक्टर म्हणाले, "गप्पा मारत राहा. जुनं काही काढा. त्यांना बोलायची उबळ आली पाहिजे."

म्हणून दुकानाच्या सुट्टीला मी माहीमला जातो, बरोबर दुकानाचा लॅपटॉप नेतो आणि भाऊला त्याचेच किस्से ऐकवतो. उबळ येते का बघायचं. लॅपटॉप कशाला, ते पुढे कळेलच.

*

दुकानात कॉम्प्युटर आला तेव्हा पालघरच्या पराग नावाच्या प्रोग्रामरने आम्हाला सॉफ्टवेअर लिहून दिलं. सगळा माल आत भरला, पेढे वाटले. पहिलंच गिऱ्हाईक आलं, त्याला बॉल व्हॉल्व्ह हवा होता. भाऊने ऐटीत 'बॉल व्हॉल्व्ह' टाइप केलं.

मशीन म्हणालं, नोंद नाही!

भाऊच्या पाठीमागे अख्खा रॅक व्हॉल्व्हने भरलेला. झालं होतं असं, की मालाचं नाव आम्ही भरलं होतं 'पितळी अर्धा इंची बॉल व्हॉल्व्ह'. आणि मशीन नाव जुळवायचं ते पहिल्या शब्दापासून. 'पितळी' म्हटल्याशिवाय ओळखच देईना!

भाऊ म्हणाला, "गजा, हा तुजा कॉम्प्युटर नव्या नवरीच्या नणंदेसारखा हाय. नाव घेतल्याबिगर दारातून आत सोडत नाय!"

परागला बोलावलं. त्याने सांगितलं, "शब्दाच्या आधी एक आणि नंतर एक असं टक्क्याचं चिन्ह लावा. मग तो शब्द नावात कुठेही दडलेला असू दे, सापडणार." भाऊने करून पाहिलं. धडाधड सगळे व्हॉल्व्ह स्क्रीनवर हजर!

भाऊ खूष. गिऱ्हाईकाला म्हणतो, "बघितलंस? दोन्ही बाजूला टक्का ठेवला की अडलेलं काम होतं. मला वाटलं हे फक्त मानसांतच चालतं!"

*

पण खरा खेळ पुढेच. मालाची नावं आम्ही भरली कंपनीच्या भाषेत, आणि गिऱ्हाईक बोलणार आपल्या भाषेत. सातपाटीचे एक काका आले. बोट इंजिनाचं काम काढलेलं, हाताला ग्रीस तसंच.

"भाऊ, ता दे ना. खेकड्याच्या नांगीवानी असतंय, पाइपाला धरून पिरगळतंय."

भाऊने मुकाट्याने पाइप पाना काढून दिला. काका गेले. मग भाऊने काय करावं? सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक मालापुढे 'शेरा' म्हणून एक रिकामा रकाना होता. परागने तो ठेवला होता गॅरंटी वगैरे लिहायला. भाऊने पाइप पान्यापुढे तिथे टाइप केलं, 'खेकड्याची नांगी'.

महिन्याने पराग देखभालीला आला. स्क्रीनकडे बघतच राहिला.

"भाऊ, डेटाबेसमध्ये खेकडा कुठून आला?"

भाऊ शांतपणे म्हणाला, "सातपाटीवरून!"

पराग आधी हसला, मग विचारात पडला, आणि दुसऱ्या दिवशी त्याने शोध असा बदलून दिला की शब्द नावात नाही सापडला तर शेऱ्यात बघायचं. तेव्हापासून आमच्या दुकानाची रीतच पडली. माल कुणीही देवो, गिऱ्हाईक ज्या शब्दांत मागेल ते शब्द त्या मालाच्या शेऱ्यात गेले पाहिजेत. 'आजीच्या नथीसारखं'. 'तीन पायांची मुंगी'. 'लाल टोपीवाला'. कुणी विचारलं तर भाऊ म्हणायचा, "माल कंपनीचा, नाव गिऱ्हाईकाचं."

हा किस्सा मी माहीमला ओसरीवर बसून सांगितला तेव्हा भाऊ अर्ध्या तोंडाने हसला. वहिनी पाणी घेऊन आल्या होत्या, त्या दारातच थांबल्या. पण शब्द काही आला नाही.

*

शेऱ्यात पुढे पुढे आवाजसुद्धा यायला लागले! कारण कारखान्यातून येणारा माणूस पार्टचं नाव सांगत नाही, तो तक्रार सांगतो. 'गुरगुरतो'. 'खडखड करतं'. 'कुंई कुंई वाजतं'. भाऊ इमानाने सगळं लिहायचा.

एकदा एका कंपनीतून नवीन साहेबांचा फोन. उत्तर भारतातून नुकतेच बदलून आलेले. मोटरमधून विचित्र आवाज येतोय, काय मागवावं समजत नाही. भाऊ म्हणाला, "साहब, फोन मोटर के पास पकडो."

साहेबांनी धरला. भाऊने डोळे मिटून ऐकलं. मग टक्का, 'कुंई', टक्का. स्क्रीनवर एकच ओळ उमटली, अमुक नंबरचं बेअरिंग.

भाऊने नंबर सांगितला. दुपारी माणूस येऊन बेअरिंग घेऊन गेला, संध्याकाळी साहेबांचा फोन. "कमाल है! हमारी मशीन की भाषा आप कैसे समझ गए?"

भाऊ म्हणाला, "साहब, आपकी मशीन बारा साल से बोईसर में है. मराठी सीख गई!"

*

मग दिवाळीच्या मिठाईची भानगड. हा किस्सा आमच्या बाजारात अजून फिरतो.

गिऱ्हाईकांच्या यादीलाही शेरा होताच. कुणी गेलं की भाऊ तिथे लिहून ठेवायचा, म्हणजे सणाला चुकून शुभेच्छा जायला नकोत. दिवाळीत परागकडून यादी काढून घेतली. अट अशी, की ज्यांच्या शेऱ्यात 'वारले' हा शब्द कुठेही आहे त्यांना वगळा. यादी आली, बॉक्स रवाना झाले.

भाऊबीजेनंतर वैतरण्याचा एक कॉन्ट्रॅक्टर तणतणत आला. आमचा जुना माणूस. "शेट, मिठाई नाय पाठवली. आमचं काय चुकलं?"

उघडून बघतो तर त्याच्या नावापुढे भाऊचा शेरा, 'वडील वारले. आता हा येतो.'

त्याने स्क्रीन वाचली आणि कपाळाला हात लावला. "बाबा गेले ते गेले, तुमच्या कॉम्प्युटरनं माझी पन लाकडं रचली का?"

भाऊने त्याच्यासमोरच शेरा दुरुस्त केला, 'वडील वारले. हा धडधाकट आहे. मिठाई द्यायचीच!' गडी समाधानाने चहा पिऊन गेला.

पुढची दिवाळी आली. यादी निघाली. बॉक्स गेले. आणि वैतरण्याचा फोन आला!

अहो, मशीनला धडधाकट काय कळतंय? त्याला 'वारले' दिसलं, त्याने वगळला!

भाऊ त्या दिवशी काउंटर सोडून उठला. मिठाईचा बॉक्स, वर एक साडी, आणि स्वतः गाडीत बसून वैतरण्याला गेला. दार कॉन्ट्रॅक्टरनेच उघडलं. भाऊला बघून आत ओरडला, "ए, ताट वाढा! मला न्यायला नाय, जेवायला आलेत!"

*

एक गृहस्थ पालघरहून आले. कुठल्याशा ऑफिसात नोकरीला, इस्त्रीचा शर्ट. काउंटरला टेकून उभे राहिले आणि बोलेचनात.

"काय देऊ?"

"तेच तर! हिने काहीतरी आणायला सांगितलंय. निघताना पाठ होतं."

"कशासारखं असतं? कुठं लागतं?"

"घरात लागतं," एवढीच माहिती.

भाऊने मग दोन टक्के शेजारी शेजारी टाकले, मध्ये शब्दच नाही. म्हणजे काहीही चालेल, सगळं दाखव! अख्खं दुकान स्क्रीनवरून सरकायला लागलं. भाऊने त्यांना स्टूल दिलं, चहा दिला. "बघत बसा. वळखीचं दिसलं की आवाज द्या."

गृहस्थ जेवणाच्या सुट्टीपर्यंत बसले. एक ड्रिल मशीन घेतलं, बागेचा पाइप घेतला, एक टॉर्च घेतली. आणि जे न्यायला आले होते ते न नेताच आनंदाने घरी गेले!

दुसऱ्या दिवशी बाई स्वतः आल्या. "मच्छरदाणीचे हूक द्या. आणि यांना पुन्हा त्या स्क्रीनसमोर बसवलंत तर बघा!"

मी व्यापारी माणूस. मी लगेच परागला विचारलं, ही स्क्रीन कायमची गिऱ्हाईकाच्या बाजूला फिरवता येईल का?

*

आता गेल्या सुट्टीचं सांगतो.

नेहमीसारखा माहीमला गेलो. ओसरीवर भाऊ खुर्चीत, मी शेजारी, लॅपटॉप माझ्या मांडीवर. वहिनी सुपारी कातरत बसल्या होत्या. म्हणाल्या, "भावजी, आता राहू द्या. सकाळपासून चिडलेत. व्यायाम शिकवायला बाई आली, तिलाबी परत पाठवली. काय होतंय ते सांगता येत नाय, मग ताट ढकलतात. मी पन किती अंदाज करू?"

बोलता बोलता त्यांनी पदर डोळ्यांना लावला. भाऊने मान वळवली आणि वाडीकडे बघत बसला.

किस्से सांगून संपले होते, आणि त्या दिवशी ते ऐकायच्या मनःस्थितीत कुणी नव्हतं. मी लॅपटॉप उघडला. दुकानाच्या सॉफ्टवेअरमधली शोधाची खिडकी काढली, काउंटरवर तो बसायचा तसा ताठ बसलो आणि दुकानातल्या आवाजात म्हटलं, "बोला शेट! काय बिघडलंय? नाव नका सांगू. कसं होतंय तेवढं सांगा."

भाऊने माझ्याकडे पाहिलं. ओठ हलले, थांबले. वहिनींचा अडकित्ता थांबला. भाऊने चांगला हात उचलून गळ्यावर ठेवला.

"चा... वी," तो म्हणाला.

मी बोटं कीबोर्डवर ठेवली.

"चावी... हाय." गळ्याची शीर ताठ झालेली. "फि... रत नाय."

गणपतीनंतर हे पहिलेच शब्द. वहिनींच्या हातातलं सुपारीचं खांड खाली पडलं. मी टाइप केलं, एकही शब्द न वगळता. चावी हाय फिरत नाय. पुढे टक्का, मागे टक्का. बटण दाबलं. नावात शोधलं, शेऱ्यात शोधलं. इतक्या वर्षांची सगळ्या गिऱ्हाईकांची गाऱ्हाणी मशीनने धुंडाळली.

मी स्क्रीन त्याच्याकडे फिरवली.

"भाऊ, नोंद नाही रे. असं कोणी कधी बोललंच नाही आपल्याकडं."

भाऊने स्क्रीनकडे पाहिलं. मग माझ्याकडे. काउंटरवर नवा माणूस चुकला की त्याच्याकडे बघायचा, अगदी तसं.

"मग," भाऊ म्हणाला, "लिव!"