पिलार मावशीकडचा नाताळ

अमरावतीहून निघाले त्या दिवशी आई स्वयंपाकघरातून बाहेरच येईना. बाबा गाडीत बसून हॉर्न वाजवत होते, शेजारच्या काकू निरोप द्यायला फाटकात उभ्या होत्या, आणि आई आत फराळाच्या डब्याची झाकणं पुन्हापुन्हा दाबून बघत होती. शेवटी आली ती रागावल्यासारखा चेहरा करून. म्हणाली, "कुणाकडे राहायची वेळ आलीच, तर विचारल्याशिवाय फ्रिज उघडायचा नाही. आणि वाढतील ते खायचं." मास्टर्स करायला अमेरिकेला निघालेल्या मुलीला आईनं दिलेला उपदेश एवढाच. मला हसू आलं होतं. तिथं कोण कुणाकडे राहायला जातं!

डिसेंबरात कळलं. सेमिस्टर संपलं, हॉस्टेल रिकामं झालं, मेस बंद झाली आणि माझी रूममेट तिच्या मामांकडे टेक्सासला निघून गेली. परदेशी विद्यार्थ्यांना सुट्टीत ठेवून घेणारी कुटुंबं असतात, असं युनिव्हर्सिटीच्या ऑफिसनं सांगितलं आणि मला शिकागोजवळच्या शॉमबर्गचा एक पत्ता दिला. माझ्या डोक्यात सगळं चित्र तयार होतं: भली मोठी टर्की, फायरप्लेस, सोनेरी केसांची दोन मुलं. प्रत्यक्षात बस स्टॉपवर न्यायला आले ते आंद्रेस काका. बुटके, टक्कल पडलेले आणि मूळचे स्पेनचे. अर्धं आयुष्य अमेरिकेत काढूनही त्यांचं इंग्लिश माझ्याहून अवघडलेलं होतं. अमेरिकन नाताळ बघायला निघालेली मी भलत्याच देशात येऊन पडले होते.

त्यांच्या बायकोचं नाव पिलार. "मला नुसतं पिलार म्हण," त्या म्हणाल्या. पण आईहून मोठ्या बाईला नुसत्या नावानं हाक मारायला माझी जीभ वळेना. मी 'पिलार मावशी' सुरू केलं, आणि मावशी म्हणजे आईची बहीण हे कळल्यावर त्यांनी ते सगळ्या शेजाऱ्यांना फोन करून सांगितलं. माझ्या नावातल्या 'जे'चा उच्चार मात्र त्यांच्या भाषेत 'ह' होतो. त्यामुळे मी, ऋजुता, त्या घरात रुहुता झाले.

मी व्हेजिटेरियन आहे हे आधीच कळवलं होतं. मावशींनी मोठ्या कौतुकानं समोर सूप ठेवलं. त्यात गुलाबी तुकडे तरंगत होते. "मांस नाही," त्या म्हणाल्या, "थोडंसं हॅम आहे, चवीपुरतं." वाढतील ते खायचं, पण हे? मी चमचा धरून तशीच बसले. त्यांची मुलगी लुसिया नोकरी करणारी, शिकागोत जन्मलेली, आईबाबांच्या स्पॅनिशला इंग्लिशमध्ये उत्तरं देणारी. तिनं आईची पाठ वळताच माझा बाऊल स्वतःकडे ओढला आणि स्वतःचं बटाट्याचं जाड ऑम्लेट माझ्याकडे सरकवलं. अंडं मला चालायचं.

सगळ्यात जास्त माझा गोंधळ व्हायचा तो त्यांच्या आवाजांमुळे. पहिल्या दिवशी नवराबायको एवढे ओरडत होते, की मी खोलीत जाऊन दार लावून घेतलं. लुसिया हसत आली. "चिल! दे आर जस्ट टॉकिंग अबाउट पार्किंग." मग हळूहळू सवय झाली. हॉलच्या कोपऱ्यात येशूच्या जन्माचा देखावा मांडताना शेवाळ कुठं लावायचं यावरून त्यांचा असाच कल्ला चालला, तेव्हा मला आमच्याकडची महालक्ष्म्यांची आरास आणि आईबाबांची झुंबर टांगण्यावरची झकाझकी आठवली. घर आठवून रडू येईल म्हणून घाबरले होते. आलं नाही. त्याचंही वाईट वाटलं.

नाताळच्या दिवशी दुपारी जेवायला बसलो. सगळे नेहमीसारखे मोठमोठ्यानं बोलत होते. मध्येच आंद्रेस काका काहीतरी म्हणाले, अगदी हलक्या आवाजात.  मावशींनीही हळूच काहीतरी विचारलं. त्या घरात पहिल्यांदाच कुणी हळू बोलत होतं, आणि मला भीती वाटली.

"डॅडला स्पेनला परत जायचंय," लुसिया माझ्या कानात म्हणाली. "फॉर गुड."

मावशींनी सुरी खाली ठेवली. मग माझ्याकडे वळून इंग्लिशमध्ये म्हणाल्या, "रुहुता, तू सांग. तूही सोडून आलीस ना? माझी मुलगी इथं, माझं शिवणकामाचं दुकान इथं, माझ्या गुडघ्यांची डॉक्टरसुद्धा इथंच. याची आई गेली, तिकडचं घर रिकामं झालं, तर याला आता समुद्र आठवतोय. मग आमचं घर कुठलं?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मला घर सोडून जेमतेम एक सेमिस्टर झालेलं. मी तोंड उघडलं आणि आलं ते मराठीच. "मला नाही माहीत हो, मावशी. मला खरंच काही कळत नाहीये."

"काय म्हणाली?" काकांनी लुसियाला विचारलं.

"नो आयडिया, डॅड."

मावशी हसल्या, आणि हसता हसता रडायलाच लागल्या. काकांनी एक संत्रं सोललं आणि एकेक फोड त्यांच्या ताटलीत ठेवत गेले. मावशींनी काकांकडे बघितलं नाही, पण फोडी खाल्ल्या.

आमच्याकडे मोठ्यांचं बिनसलं की आम्ही मुली भांडी उचलून आत जायचो. मी तेच केलं. उरलेलं अन्न घेऊन फ्रिजसमोर गेले आणि थांबले. विचारायचं कुणाला? मागून मावशी आल्या, डोळे लाल. "उघड ना! परक्याचं घर आहे का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी आईचा फोन आला. "कसे आहेत गं लोक?"

"भांडतात, आई."

"मग घरच्यासारखेच आहेत की," ती म्हणाली आणि निश्चिंत झाली. मी आणखी काही सांगितलं नाही.

पुढच्या वर्षी काका खरंच स्पेनला गेले. मावशी गेल्या नाहीत. उन्हाळ्यात त्या तिकडे जातात, थंडीत ते इकडे येतात, आणि मधले महिने दोघं फोनवर शेजाऱ्यांना ऐकू जाईल एवढ्या जोरात बोलतात. हे वेगळं होणं आहे की नाही, हे मला अजून कळलेलं नाही. 

मी आता अमेरिकेतच, वेस्ट विंडसरला असते. जॉब आहे, छोटं अपार्टमेंट आहे, शेजारी दोन मराठी कुटुंबं आहेत. वीकेंडला एकेक पदार्थ घेऊन जमायचा पॉटलक होतो, व्हिसाच्या गप्पा होतात, कुणीतरी परत जायचं म्हणतं आणि आम्ही बाकीचे विषय बदलतो. तुमच्यापैकी जे इकडे आले, त्यांना हे सांगायला नको. जे तिकडे राहिले, त्यांना कसं सांगायचं ते सुचत नाही.

गेल्या जानेवारीत सुट्टी घेऊन अमरावतीला गेले होते. सकाळी गारठा होता. अंगणात चहा पिताना मी सहज म्हणाले, "अगं, माझा निळा स्वेटर घरी राहिला."

आई लगेच उठली. आत जाऊन तिनं माझं जुनं कपाट उघडलं आणि एकेक कप्पा उपसायला लागली. "इथंच असेल बघ, कुठं जाणार आहे?" मी दारात उभी होते. स्वेटर वेस्ट विंडसरला, दारामागच्या खुंटीवर होता. सांगायला तोंड उघडलं, पण ते कसं म्हणायचं तेच समजेना.

मग मीही तिच्याशेजारी खाली बसले आणि कपडे उलटेपालटे करत स्वेटर शोधायला लागले.