हरिचंद्र दाजींची पांढरी चटणी

खरवई गावात कुणाचं लग्न निघालं की आधी हॉल ठरवायचा की डीजे, यावरून घराघरांत भांडणं होतात. पण त्या दोन्हीच्या आधी हरिचंद्र दाजींच्या दारात मानाची सुपारी ठेवायची, याबद्दल कुणाचं दुमत नाही. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, शीलाताईचे यजमान. गावातल्या हळदीच्या पंगतीचं मटण वर्षानुवर्षं त्यांच्याच हातचं. पैसे घेत नाहीत, घेतात तो फक्त मान. शेवटची पंगत उठली की घरधन्याने येऊन हात जोडायचे आणि "दाजी, लाज राखलीत" म्हणायचं. हे जो विसरला, त्याच्या नातवाच्या बारशालाही दाजी जात नाहीत.

दाजी रांधताना चाखत नाहीत. गावदेवीला वाटी दाखवल्याशिवाय रांधणाऱ्याने जिभेवर थेंब घ्यायचा नाही, असं त्यांच्या बापाने त्यांना शिकवलं होतं. हा नियम गावात इतरही पाळतात. ते बिचारे मापाने मीठ घालतात आणि देवाला हात जोडतात. दाजींनी मात्र त्या नियमाचा तमाशा केला होता. रटरटत्या टोपाकडे पाठ करून उभं राहायचं, डोळे मिटायचे, एक लांब श्वास घ्यायचा आणि म्हणायचं, "मूठभर मीठ कमी हाय." लोक श्वास रोखून बघत. मीठ पडे. मग दाजी परत हुंगत आणि मान हलवत. मीठ खरंच बरोबर असे, हे मला कबूल करावं लागेल, पण त्यासाठी पाठ करायची काय गरज होती हे मला आजतागायत कळलेलं नाही.

अशा माणसाच्या पोटी जिज्ञासा जन्मली. माझी भाची. आनंदनगरच्या एमआयडीसीत एका औषधाच्या कंपनीत ती माल तपासते. म्हणजे दुसऱ्याने केलेल्या गोष्टीत खोट काढायचा तिला पगार मिळतो. दोन वर्षांपूर्वी एका चुलतभावाच्या हळदीचा बकरा ताईच्या अंगणात बांधला होता. जिज्ञासाने त्याला फणसाची पानं चारली, त्याच्या कपाळावर खाजवलं, आणि संध्याकाळी तो तिला पंगतीत भेटला. तेव्हापासून तिने मटण सोडलं. मग मासे सोडले, मग अंडी, मग दूध, दही, तूपसुद्धा. ताई म्हणाली, "आता हवा तेवढी राहिली." गावाला वाटलं, समोरच्या टॉवरमधल्या बायकांची संगत लागली. त्या बायका जेवणाआधी वाडगाभर पानं खातात आणि खाण्याआधी त्यांचे फोटो काढतात. ते टॉवर ज्या जमिनीवर उभे आहेत ती दाजींचीच होती. त्यामुळे त्यांना नावं ठेवायचा पहिला हक्क दाजी स्वतःकडे राखून असत.

जिज्ञासाचं लग्न ठरलं अंबरनाथच्या हितेशशी. मुलगा गुणी. त्याला कुठल्याही विषयावर मत विचारलं की तो जिज्ञासाकडे बघतो. लग्न ठरलं आणि पोरीने जाहीर केलं, "माझ्या हळदीला बकरा कापायचा नाही. जे काही असेल ते झाडापासून आलेलं. मी उल्हासनगरच्या केटररशी बोललेय. तो आधी सॅलड ठेवणार आहे, क्रीमी ड्रेसिंगसकट."

  बकऱ्याचं दाजींना दुःख झालं, पण ते गिळण्यासारखं होतं. वालाचं बिरडं, चवळी, वडे, भात हे सगळं आगरी घरात झाडाचंच असतं, त्याला नवं नाव द्यायची गरज नसते. त्यांना लागलं होतं ते दुसरंच. ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "अवधूत, सगल्या गावाच्या पोरींचे हलदीला मी रांधला. आनि माजे पोरीचे हलदीला परका मानूस येऊन रांधनार? मी काय तवा पाहुन्यांसारका खुर्चीवर बसू?"

मी भाचीशी बोललो. तिने नेहमीप्रमाणे परीक्षा ठेवली. "बाकीचं पप्पांना जमेल. ड्रेसिंग जमणार नाही. रविवारी करून दाखवू दे. मी पास केलं तर केटरर कॅन्सल."

"कसला डेसिंग?" दाजी म्हणाले. "चटनी हाय ती. पांढरी चटनी."

साहित्य साधं होतं. भिजवलेले काजू, लिंबू, लसूण, फेसलेली मोहरी, मिरपूड, मीठ, थोडं तेल. सगळं गार, सगळं कच्चं, एकत्र गंधासारखं बारीक वाटायचं. साधं असल्यामुळेच दाजींनी त्यात अक्कल चालवली. काजू आणायला आम्ही उल्हासनगरला गेलो. दुकानदार सिंधी, दाजींचा जुना ओळखीचा. पोतंभर खडा मसाला नेणारा माणूस काजू मागतोय म्हणून त्याने चौकशी केली आणि कारण ऐकून म्हणाला, "साईं, हल्दी में घास खिलाओगे? बकरा बच गया, मेहमान मर जाएँगे." दाजींनी काजूचे पैसे मोजले आणि तिथे पुन्हा मसाला घ्यायचा नाही असं ठरवलं.

पहिल्या खेपेला त्यांनी काजू भाजले. आमच्याकडे वाटण म्हटलं की आधी भाजणं आलंच. मग भाजलेल्या काजूंना सोबत हवी म्हणून खोबरं भाजलं, खोबऱ्याला एकटं वाटू नये म्हणून कांदा भाजला. जे तयार झालं ते मटणाचं उत्तम वाटण होतं. त्यात मटण तेवढं नव्हतं. दुसऱ्या खेपेला भाजलं नाही, पण गार पदार्थ वाढणं म्हणजे पाहुण्याचा अपमान, म्हणून चुलीवर ठेवून उकळी फोडली. त्याच्या गाठी झाल्या. ताईने त्यात गूळ घालून आम्हाला खीर म्हणून दिली आणि आम्ही मुकाट्याने प्यायलो. पदरी पडलं पवित्र झालं.

तिसऱ्या खेपेला, म्हणजे परीक्षेच्या रविवारी, सगळं नीट झालं. काजू गरम पाण्यात फुगले, पाणी निथळलं, वाटण लोण्यासारखं उतरलं. रंग दुधाचा. मीठ घालायची वेळ आली. दाजींनी भांड्याकडे पाठ केली, डोळे मिटले आणि श्वास घेतला.

काहीच आलं नाही. त्यांनी परत श्वास घेतला. तोंड वळवून नाक भांड्यात घातलं. लसणाचा एक हलका वास होता आणि त्यापलीकडे सगळं शांत. गरम टोप त्यांच्याशी बोलायचा, वाफेतून मीठ, मिरची, चरबी सगळं सांगायचा. हे गार काजू मख्ख बसले होते.

"यो मुका हाय," दाजी घाबरून म्हणाले. मी त्यांना घाबरलेलं त्याआधी कधी बघितलं नव्हतं.

"बोट लावून चाखा ना," ताई म्हणाली. "आज हळद नाय, देवी नाय, कोन बघनार हाय?"

"रांधनारा चाखत नाय," दाजी म्हणाले. हा नियम देवीसाठी होता की लोकांनी बघावं म्हणून, हे मी त्यांना त्याच दिवशी विचारायला हवं होतं. पण माणूस आधीच कावराबावरा झाला होता. दाजींनी डोळे मिटून जाड्या मिठाची मूठ सोडली. ज्या हाताने आयुष्यभर गावजेवणाचे टोप केले, त्याची मूठही गावाएवढीच होती.

जिज्ञासाने काकडी, गाजर आणि हिरवी पानं ताटलीत घेतली, वर ती पांढरी चटणी ओतली आणि खायला लागली. एक घास, दुसरा घास. चेहऱ्यावर काही नाही. मी म्हटलं, "मलाही दे गं एक पान." तिने ताटली स्वतःकडे ओढली. "मामा, तुम्हाला नाही मिळणार." शेवटचं पान भांड्यावरून फिरवून तिने भांडंही पुसून घेतलं, पाणी प्यायली आणि म्हणाली, "पप्पा, परफेक्ट."

औषधाच्या गोळीत केसभर फरक पडला तर सगळा माल परत पाठवणारी पोर. ती परफेक्ट म्हणाली म्हणजे प्रश्नच मिटला. दाजी असे फुगले की त्या आठवड्यात त्यांनी समोरच्या टॉवरच्या वॉचमनलाही ड्रेसिंगची कृती सांगितली. केटरर कॅन्सल झाला. मध्ये एकदा जिज्ञासा चाचरत म्हणाली, "पप्पा, हळदीला मीठ थोडं कमी घाला हां. बीपीवाले पाहुणे असतात." दाजी तिच्यावरच उखडले, "परफेक बोल्लीस ना? मंग आता हात लावाचा नाय!" तिने माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, लग्नाचा ताण असेल.

हळदीच्या दिवशी अंगणात मांडव, मांडवाच्या तोंडाशी नवरीमुलीपेक्षा शुभेच्छुकांचे फोटो मोठे असलेला बॅनर, आणि डीजे असा की कपबशा आपोआप सरकत होत्या. मटण नाही ही बातमी आधीच पसरली होती. तरी सगळे आले. काही प्रेमाने आले, काही जण हरिचंद्र कसा तोंडघशी पडतो ते बघायला आले. या दुसऱ्या मंडळींचे पुढारी भगवंत. खालच्या आळीचे हे गृहस्थ दाजींनी उलथनं खाली ठेवावं म्हणून पंधरा-वीस वर्षं वाट बघत होते. स्वतःचे टोप त्यांनी घासून तयार ठेवले होते असं म्हणतात.

दाजींनी रविवारसारखंच डोळे मिटून चटणीत मीठ सोडलं आणि देवीला वाटी दाखवली. पहिली पंगत बसली. पहिला वाढला तो सॅलडचा वाडगा. लोकांनी पानं उलटीपालटी करून बघितली. एक म्हातारी म्हणाली, "कोबी कच्चाच हाय गो." पोरांनी मात्र पांढरी चटणी ओळखली. बदलापूर स्टेशनबाहेर मोमोंबरोबर मिळते तीच, असं त्यांनी मोठ्यांना समजावलं. मग सगळ्यांनी मिळून पहिला घास घेतला.

डीजे चालू होता तरी शांतता ऐकू आली. मग सगळ्यांचे हात पाण्याच्या ग्लासांकडे गेले.  हरिचंद्राच्या जेवणाला नावं ठेवायची गावाला सवयच नव्हती. भगवंतांनी मात्र आयुष्यभर हे वाक्य जपून ठेवल्यासारखं उच्चारलं, "हरी, आपन मिठागरवाले खरे, पन सगला आगर एके वाटीत भरलास?"

"पोरीनं पास केलीय," दाजी ताठ मानेने म्हणाले.

सगळ्यांनी पाटावर बसलेल्या पोरीकडे बघितलं. अंगभर हळद, हातात तिचा वाडगा. "मस्त आहे की," जिज्ञासा म्हणाली आणि सगळ्यांदेखत एक मोठा चमचा तोंडात घातला. घास गिळताना तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ते दाजींनी बघितलं.

देवीला वाटी दाखवल्यावरही शेवटची पंगत उठेपर्यंत अन्नाला न शिवणारा तो माणूस पहिल्या पंगतीत खाली वाकला, बोट बुडवलं आणि चाटलं. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघायचं टाळलं. वर्षानुवर्षं त्यांची चेष्टा करत आलो, पण त्या क्षणी मला खरंच वाईट वाटलं.

दाजी पाटापाशी गेले. "ते रयवारी पन असलीच होती?"

"याच्यापेक्षा खारट होती."

"आनि तू सगली खाल्लीस? अवधूतला पन नाय दिलीस?"

"मामाने सांगून टाकलं असतं."

"मंग परफेक कशाला बोल्लीस? तुजा केटरर होता ना? त्याचा मीठ बरोबर असता."

जिज्ञासाने हळदीच्या हाताने नाक पुसलं. ते आणखी पिवळं झालं. "असतंच ना. पण पप्पा, गावातल्या सगळ्या पोरींच्या हळदीला तुम्ही रांधलंत. मीच एकटी राहिले असते."

दाजी चुलीकडे वळले. मग ओरडले, "शीला, काजू हायत का?"

काजू होते. ताईने सकाळीच जादा भिजवून ठेवले होते, कारण त्या रविवारी पोर घटाघटा पाणी प्यायली ते तिने बघितलं होतं. नवऱ्याला मात्र ती काही बोलली नव्हती. बिनमिठाचं नवं वाटण झालं, जुन्यात मिसळलं. दाजींनी भांड्याकडे पाठ केली नाही. बोट बुडवून चाखलं, परत चाखलं, भगवंतांच्या डोळ्यांसमोर चाखलं आणि भांडं घेऊन पोरीपुढे उकिडवे बसले.

"चाख. आनि खरा सांग."

तिने चाखलं. माल तपासताना करते तसा चेहरा केला. "मीठ ठीक आहे. लिंबू कमी."

दाजींनी तिथेच बसून लिंबू पिळलं, दुसरं पिळलं, आणि मग त्याच हाताने डोळे पुसले. झोंबलं असणार, कारण धारा लागल्या. भगवंतसुद्धा पंगतीतून म्हणाले, "लिंबू गेला वाटतं डोल्यात."

"लिंबूच हाय," दाजी म्हणाले, आणि डोळे पुसायला तोच हात पुन्हा वर नेला.