उंबऱ्यावरचं मीठ

गोडदेवच्या आमच्या बिल्डिंगमध्ये रोज सकाळी माझ्या उंबऱ्यावर पानात मूठभर खडेमीठ दिसू लागलं, तेव्हा मी हादरलेच. नक्कीच कुणीतरी करणी करतंय! एवढी शिकलेली मी, पण त्यातच लेकीला, अनुष्काला, ताप आला आणि माझाही त्यावर विश्वास बसला. मीठ केरसुणीने लोटून टाकायचे, पोरीची दृष्ट काढायचे.

शेवटी एका पहाटे दाराच्या भिंगाला डोळा लावून उभी राहिले. समोरच्या घरातल्या म्हाताऱ्या रखमाबाई आल्या, वाकून पान ठेवलं आणि माझ्या दाराला हात जोडले.

मी धाडकन दार उघडलं. "काय लावलंय हे?"

त्या दचकल्या. "माज्या नातवाला, नाथाला, तुमी गाडीतून दवाखान्यात नेलं, म्हणून पोर वाचला. आमचं मिठागर व्हतं, त्यातलं मीठ अजून साठवलेलं हाय. उपकार करील त्याच्या दारात आमच्यात घरचं मीठ ठेवत्यात. दुसरं काय हाय आमच्याकडं?"

त्या दिवसापासून आमच्या आमटीत तेच मीठ पडतं.

रखमाबाई आता फार थकल्यात. सकाळी कडी काढताना मला पुन्हा भीती वाटते. उंबऱ्यावर आज मीठ नसलं तर?