दगडावरची एकोणीस नावं

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. मेधाला, माझ्या बायकोलाही नाही — आणि तिच्यापासून मी सहसा काही लपवत नाही. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल.

गोष्ट एका फुटबॉल क्लबची आहे. दक्षिण अमेरिकेतल्या नदीकाठच्या एका गावाचा क्लब. ते गाव मी पाहिलेलं नाही, आता पाहणारही नाही. पण मी कामठीचा. आमच्याकडे सकाळी मैदानावर आधी फुटबॉल दिसतो, मग क्रिकेट. त्यामुळे अमेरिकेत पार्सिपनीला आमच्या टाउनहाउसच्या बाहेर एक म्हातारे गृहस्थ बाकावर बसून कानाला रेडिओ लावून मॅच ऐकताना दिसले, तेव्हा मी आपण होऊन थांबलो. २००३ साल होतं.

त्यांना सगळे दोन आन्सेल्मो म्हणायचे. 'दोन' म्हणजे आपल्याकडे अण्णा किंवा दादा म्हणतात तसं, मानाचं. वय पंच्याहत्तरच्या पुढे. मुलीकडे, ग्रासिएलाकडे राहायचे. डोळ्यांचं मधलं दिसणं गेलं होतं — समोरच्याचा चेहरा दिसायचा नाही, कडेचं झाड दिसायचं. म्हणून ते तुमच्याशी बोलताना तुमच्या खांद्याकडे बघायचे. मला ते 'इंजिनिअर' म्हणत.

त्या बाकावर मी त्यांच्याकडून सान तादेओचा, म्हणजे त्यांच्या गावाचा आणि क्लबचा, सगळा इतिहास ऐकला. गावात मांसाचा मोठा कारखाना होता, कारखान्यातल्या साहेबांचा क्लब होता, त्यांचं हिरवंगार मैदान होतं. नदीवर होड्या चालवणाऱ्यांना आत येण्याची परवानगी एकाच कामासाठी — बॉल नदीत गेला की पोहून आणून द्यायचा. एके दिवशी एकोणीस नावाड्यांनी तो बॉल परत दिलाच नाही. तोच घेऊन त्यांनी आपला क्लब काढला. पिठाच्या पोत्यांचे शर्ट शिवले, झाडाची साल उकळून तांबडे रंगवले. क्लबचा रंग अजून तोच आहे. "आमच्याकडे माणूस आधी त्या क्लबचा असतो," ते म्हणायचे, "मग देशाचा."

गावात सगळे 'ते एकोणीस' म्हणत, पण ते एकोणीस कोण, हे पुरतं कुणालाच ठाऊक नव्हतं. पहिलं रजिस्टर दोन आन्सेल्मोंच्या काकांकडे होतं. ते क्लबचे सेक्रेटरी, पुढे क्लबशी भांडले आणि रजिस्टर कुलपात घालून बसले. काका गेल्यावर काकूंनी ते पुतण्याला अमेरिकेत पाठवलं. पण तोवर पुतण्याची नजर गेली होती. ते नुसते पानांवरून बोटं फिरवायचे.

"द्या माझ्याकडे," मी म्हणालो. "स्कॅन करतो. स्क्रीनवर एवढं मोठं करून देतो, की तुम्हाला स्वतःला वाचता येईल." माझ्याकडे कुणी मागितलं नव्हतं. मला चांगलं म्हणवून घ्यायची हौस होती — एवढं आता कळतं.

ग्रासिएला म्हणाली, "मी वाचून दाखवते ना, पापा." ते नको म्हणाले. त्यांना ती नावं स्वतःच्या डोळ्यांनी वाचायची होती. त्यांनी रजिस्टर दोन्ही हातांनी माझ्या हातात दिलं.

घरी आल्यावर मी ते एकदाच चाळलं. जांभळ्या शाईतल्या सह्या, प्रत्येकीच्या खाली सुबक अक्षरात नाव. शेवटच्या पानाशी मी जरा थांबलो होतो. का, ते सांगतो — त्यासाठीच तर हे सगळं सांगतोय — पण आधी पुढचं.

रजिस्टर बेसमेंटमध्ये स्कॅनरशेजारी, खाली जमिनीवर एका खोक्यात ठेवलं. या वीकेंडला करू, पुढच्या वीकेंडला करू. प्रोजेक्ट डिलिव्हरी होती, मग मेधाचे आईबाबा आले होते. दोन महिने गेले. मार्चमध्ये बर्फ वितळलं, वर पाऊस लागला, वीज गेली आणि बेसमेंटमधलं पाणी उपसणारा पंप बंद पडला. खाली उतरलो तर घोट्याएवढं पाणी. खोकं मऊ पडलं होतं. रजिस्टर उघडायला गेलो तर पानं एकमेकांना धरून फाटली. शाईचं नुसतं जांभळं पाणी झालं होतं.

त्याच दिवशी जाऊन सांगितलं असतं, तर? ते रडले असते. कदाचित माझ्याशी बोलायचे थांबले असते. यापलीकडे काय झालं असतं?

मी नाही सांगितलं. आठवेल ती नावं कागदावर लिहून काढली. तेरा आठवली, त्यातली बरीच दोन आन्सेल्मोंच्या बोलण्यात आधी ऐकलेली होती. 'ते एकोणीस' म्हणजे एकोणीसच हवीत. उरलेली सहा मी रचली. एक आडनाव ऑफिसमधल्या सफाई करणाऱ्या बाईंचं, एक फोन बुकमधून, असं करत सहा माणसं उभी केली. मोठ्या टायपात छापली आणि घेऊन गेलो. स्कॅन फिकं आलं म्हणून टाइप केलंय, असं सांगितलं. त्यांनी कागद डोळ्यांच्या कडेला धरून एकेक नाव मोठ्यानं वाचलं. माझ्या रचलेल्या नावांनाही तेवढाच वेळ दिला. एका नावाशी थांबून म्हणाले, "याचा नातू माझ्याबरोबर शाळेत होता बहुतेक."

आणि रजिस्टर? ते मी वाळवलं, प्लास्टिकमध्ये गुंडाळलं, वरून टेप लावली. "कागद फार जुना झालाय, हवा लागली की भुगा होईल. उघडू नका," म्हणालो. त्यांनी ते छातीशी धरलं आणि कपाटात कपड्यांखाली ठेवलं. ज्याला दिसत नाही अशा माणसाला फसवायला काय लागतं?

यादी त्यांनी क्लबला पाठवली. वर्षभरात तिथल्या मैदानाच्या फाटकापाशी दगड बसवला गेला, त्यावर एकोणीस नावं कोरली. ग्रासिएलानं फोटो दाखवला. बँड, फुलं, तांबडे शर्ट घातलेली अख्खी वस्ती. मेधा म्हणाली, "किती छान काम केलंस रे." मी हसलो.

मग पत्र आलं. २००५च्या शेवटी. सान तादेओच्या एल्व्हिरा नावाच्या निवृत्त शिक्षिकेचं. ग्रासिएला एकेक ओळ इंग्रजीत सांगत होती, दोन आन्सेल्मो शेजारी बसून ऐकत होते, मी समोर. बाईंनी लिहिलं होतं: माझे वडील रुफिनो त्या एकोणिसांपैकी एक. मी लहानपणापासून हेच ऐकत आले, वर्गातल्या मुलांना हेच सांगत आले. उद्घाटनाला मी नवा ड्रेस शिवून गेले होते. दगडावर त्यांचं नाव नाही. लोक आता माझ्याकडे बघून हसतात. वडिलांना लिहिता येत नव्हतं, म्हणून त्यांनी सहीच्या जागी अंगठा उठवला होता, असं ते सांगायचे. रजिस्टरमध्ये अंगठा आहे का, एवढंच कृपा करून बघा.

शेवटच्या पानाशी मी का थांबलो होतो, ते आता सांगतो.

तिथे अंगठा होता. खालच्या कोपऱ्यात, जांभळा, जरा तिरका. माझ्या आईच्या रेशनकार्डावर असाच अंगठा होता, शेजारी कारकुनानं लिहिलेलं — निशाणी डावा अंगठा. म्हणून थांबलो होतो. बोटही ठेवून पाहिलं होतं त्यावर. खाली लिहिलेलं नाव मात्र वाचलं नव्हतं. यादी करताना तो अंगठा मला आठवत होता. नाव आठवत नव्हतं, म्हणून त्याच्या जागी मी लिहिता येणारा एक माणूस बसवला.

दोन आन्सेल्मो माझ्या खांद्याकडे बघत म्हणाले, "इंजिनिअर, रजिस्टर तर आता उघडता येत नाही. पण ते सगळं तू पाहिलंयस. अंगठा होता?"

किती वेळ गेला असेल? फार नाही. ग्रासिएलानं कपही उचलला नव्हता.

"नाही," मी म्हणालो. "सगळ्या सह्याच होत्या."

"नीट आठव."

"नीट आठवतंय. अंगठा नव्हता."

त्यांनी मान हलवली. "बिचारी," म्हणाले. "बाप मुलीला काहीतरी सांगतो, मुलगी धरून बसते." आणि ग्रासिएलाला उत्तर लिहायला सांगितलं. शब्द सौम्य होते, पण उत्तर 'नाही' असं होतं. खाली त्यांनी स्वतः सही केली, अंदाजानं, ओळ सोडून.

त्यानंतर मी तिकडे कमी जायला लागलो. मेधानं विचारलं, "हल्ली त्या काकांकडे जात नाहीस?" काम वाढलंय, म्हणालो. ते बाकावर दिसले की मी गाडी मागच्या बाजूनं घ्यायचो. तसं करायची गरजही नव्हती — त्यांना मी दिसलोच नसतो.

२००७ साली ते गेले. ग्रासिएलानं क्लबला पाठवायला म्हणून ते पुडकं सोडलं आणि मला बोलावलं. आत काळपट, घट्ट गठ्ठा. "कपाटातच ओल धरली असणार," ती म्हणाली. "तरी बरं, तू आधीच नावं उतरवून घेतलीस."

मी हो म्हणालो.

एल्व्हिराबाईंचा पत्ता माझ्याकडे होता. पत्र आलं त्या दिवशी पाकिटावरून मी तो उतरवून घेतला होता, आणि खिशातल्या पैशांच्या पाकिटात ठेवून फिरत होतो. दोन ओळी लिहायच्या होत्या. अडीच वर्षं होती माझ्याकडे. दगड बदलला असता की नसता, ते पुढचं. पण त्या बाईंना तर कळलं असतं?

२००८च्या उन्हाळ्यात ग्रासिएलाचा दुपारी ऑफिसात फोन आला. दुसऱ्याच कशासाठी केला होता. बोलता बोलता म्हणाली, "ती बाई आठवते? पत्र लिहिणारी? वारली म्हणे. शेवटी शेवटी ती मॅचला जातच नव्हती. फाटकावरून जावं लागतं म्हणून."

"वाईट झालं," मी म्हणालो.

दोन वाजता मीटिंग होती. मी गेलो. मला प्रेझेंटेशन द्यायचं होतं, ते मी व्यवस्थित दिलं.