लिव्हरमधला काळा ठिपका

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी बाबांच्या उजव्या कुशीत दुखू लागलं आणि ताप काही उतरेना. लिव्हर सुजल्याचं कळलं, तसं अख्ख्या मोहगावानं ठरवूनच टाकलं की हा माणूस चोरून पितो. माझं डोकंच फिरलं. बाबा सुपारीलाही शिवत नसत. आईनं मात्र मनात कॅन्सरच धरून ठेवला होता. आम्ही दोघींनी त्यांना नागपूरला नेलं. तिथं सीटी स्कॅनचं मशीन नवीनच आलं होतं.

फिल्म उजेडावर धरून डॉक्टर म्हणाले, "कॅन्सर नाही. लिव्हरमध्ये एका जागी पू झालाय. सुईनं काढू, औषध देऊ."

आई पदरात तोंड घालून रडू लागली. बाबा फिल्मवरच्या काळ्या ठिपक्याकडे टक लावून पाहत होते. आमच्या बागेत संत्र्याच्या खोडाला अळीनं भोक पाडलं, की ते तारेनं अळी ओढून काढत, रॉकेलचा बोळा कोंबत आणि वरून माती लिंपत.

"एकाच जागी हाय ना, साहेब? बाकी लाकूड चांगलं?"

"बाकी सगळं चांगलं," डॉक्टर हसले.

बाबा आईकडे वळले. "मंग काऊन रडून राह्यली? झाड तोडा लागत नाही."