वानराच्या जबड्याचा फोटो

माणूस वानरातून आल्याचा पुरावा मानलेली विलायतेतली ती प्रसिद्ध कवटी खोटी निघाल्याची बातमी आमच्या वाचनालयात आली, त्या संध्याकाळी मी मार खाल्ला. माणसाच्या कवटीला वानरजातीतला जबडा जोडून, त्याचे दात कानशीने घासून कोणीतरी चाळीस वर्षं साऱ्या जगाला फसवलं होतं. एक निवृत्त कारकून ती बातमी मोठ्याने वाचत होते. वाचून झाल्यावर त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"काय रे पत्रकवाल्या, तुझा खापरपणजा नकली निघाला की! आता श्राद्ध कुणाचं घालणार?"

सगळे हसले. मी त्यांच्या हातातलं वर्तमानपत्र हिसकावलं, ते फाटलं, आणि त्यांची काठी माझ्या कानशिलावर बसली. मी त्यांना ढकललं. बाक उलटला. म्हातारा माणूस जमिनीवर पडलेला पाहून मला लाज वाटायला हवी होती. वाटली नाही.

मी एकवीस वर्षांचा होतो. वडिलांच्या ट्रंकेतली सुधारणेची पत्रकं वाचत वाढलो होतो. बाराखडी संपल्यावर मी पहिल्यांदा वाचलं ते देवळं सगळ्यांना उघडा म्हणून सांगणारं चार पानी पत्रक. पोटासाठी छापखान्यात खिळे जुळवायचो आणि मालक जेवायला गेले की स्वतःची पत्रकं छापायचो; सगळ्यात ताजं होतं माणसाच्या वानर-पूर्वजांवर. खरं तेच छापलं की माणसं सुधारतात, याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती.

कारकुनांनी बातमीचा अर्धा भाग वाचलाच नव्हता. ती लबाडी पकडणाऱ्यांनी इतर तपासण्यांबरोबर त्या दातांचे एक्स-रेही काढले होते. वरून दात कितीही घासा, हाडात रुतलेलं मूळ घासता येत नाही. ते कोणाचं आहे हे आपणहून सांगतं. मी ठरवलं, एक वानराचा जबडा आणि एक माणसाचा शेजारी शेजारी ठेवून फोटो काढायचा आणि पत्रकाच्या पहिल्या पानावर छापायचा. हसणाऱ्यांच्या तोंडावर फेकायचा.

वानराचा जबडा मिळाला तो एका खाणकामगारामुळे. पालीच्या रस्त्यावरच्या एका गावात तो जांभ्याचे चिरे काढायचा आणि रविवारी छापखान्यात माझ्याकडे वाचायला शिकायला यायचा. वयाने माझ्याहून मोठा, तरी मला भाऊ म्हणायचा. त्याच्या गावात वैशाखात एक थोराड हुप्प्या मेला होता. आमच्याकडे वानर मेला की त्याला माणसासारखा निरोप देतात. पांढरं कापड, गुलाल, टाळ, भजन, आणि मारुतीच्या देवळामागे खड्डा. या हुप्प्याचं सगळं गावच्या खोताने पुढे होऊन केलं होतं. खोती कायद्याने गेली होती, पण त्या आंब्याच्या बागवाल्याला गाव अजून खोतच म्हणत असे.

"पावसात मांस गेलं असंल," तो म्हणाला. "हाडं ऱ्हायली असतील. काढू या?"

"भीती नाही वाटत?"

"मेल्याची? जित्तेपणी माझी भाकर पळवलीन त्यानं. आता त्याचे दात आपण पळवू."

पालीच्या बाजाराच्या दिवशी, भर दुपारी, गाव रिकामं असताना आम्ही खणलं. टिकाव त्याच्या हातात होता, मी हातांनी लाल माती ओढत होतो. कवटी वर आली आणि जबडा निखळून माझ्या ओंजळीत पडला. मागच्या बाजूला त्याला बारीक भोकं होती, मातीने बुजलेली. किडीची असतील असं आम्हाला वाटलं. परतताना त्याने पोतं खांद्यावर टाकलं आणि मी वीस पावलं मागे राहिलो. पाणंदीत बाजारातून लवकर परतलेली एक बाई भेटली. तिने त्याचा टिकाव, पोतं, कोपरापर्यंत लाल झालेले हात नीट पाहून घेतले. मग माझ्याकडे वळली.

"तुम्ही कोणाकडचे ओ?"

"शाळेत आलो होतो," मी म्हणालो. माझे लाल हात खिशात होते.

शहरातल्या एका खाजगी डॉक्टरांनी नुकतंच एक्स-रेचं यंत्र आणलं होतं. मी जबडा टेबलावर ठेवला तसे ते म्हणाले, "पेशंटची तक्रार काय?"

"दात बघायचेत."

"ओरडणार नाही ना? मग झोपवा."

त्यांनी विद्यार्थिदशेत वापरलेला माणसाचा जबडा कपाटातून काढून त्याच्या शेजारी ठेवला. अंधाऱ्या खोलीत तांबड्या दिव्याखाली ओली फिल्म चिमट्याला टांगली, आणि मी पाहत राहिलो. बाहेरून एक पशू होता आणि एक माणूस. आतून मात्र रोपं एकाच हिशोबाने लावलेली होती. पुढचे दोन, एक सुळा, दोन लहान दाढा, तीन मोठ्या. प्रत्येक बाजूला तेवढेच. वरचे धरून त्याचे पुरे बत्तीस, आपलेही बत्तीस. फक्त त्याच्या सुळ्याचं मूळ खुंटीसारखं खोल गेलेलं.

"आणि हे?" डॉक्टरांनी जबड्याच्या मागच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. तिथे तीन ठिपके होते, हाडाहून, दाताहून पांढरे. "शिसं. छर्रे आहेत. तुमच्या मारुतीरायाला कोणीतरी गोळी घातली आहे."

मी आनंदाने टाळी वाजवली. खूनही करायचा आणि टाळही कुटायचे! दुसरं पत्रक माझ्या डोक्यात तयार झालं होतं.

चौथ्या दिवशी खाणकामगाराची बायको छापखान्याच्या दारात उभी राहिली. अनवाणी, धापा टाकत.

"भाऊ, तुमच्या हाडांपायी माझ्या घोवाला देवळाकडं बांधलानी. घरटी एक फटका ठरलाय. तो मरंल ओ!"

मी आधी फिल्म उचलली, मग चप्पल.

एस.टी. आम्हा दोघांना फाट्यावर सोडून गेली. देवळासमोरच्या फणसाला त्याला सुंभाच्या दोराने आवळून बांधलं होतं. सदरा पाठीला चिकटलेला. पुढच्या दातांच्या जागी नुसतं रक्त. घरोघरचा एकेक पुरुष पुढे येत होता, माडाच्या झावळीचा दांडा उचलत होता, एक फटका मारत होता आणि दांडा पुढच्याच्या हातात देत होता. जशी पालखीची वर्गणी द्यावी. कोणी रागात नव्हतं. दोघे-तिघे तर मारताना त्याच्याकडे बघतही नव्हते. खोत पायरीवर बसून अडकित्त्याने सुपारी कातरत होता.

"थांबा! खणायला मी लावलं!" मी ओरडलो. "मीही खणलंय. मला मारा!"

खोत उठला. त्याने माझ्या थोबाडीत एकच दिली, मोठ्या भावाने द्यावी तशी. "शिकलेल्या घरातला ना तू? घरी जा."

दांडा पुन्हा उठला. माझा सदरा धुतलेला होता, म्हणून मला थप्पड आणि त्याला दांडा. मी दोघांच्या मध्ये घुसलो आणि फिल्म उन्हासमोर धरली.

"बघा! तुमच्या वानराचा जबडा आहे हा. हे दात, ही मुळं. आणि हे पांढरं दिसतंय ना, ते शिसं आहे. तो मेला नाही, त्याला मारलाय! ज्याने नुसती हाडं काढली त्याला बांधता, आणि ज्याने जीव घेतला तो कुठे आहे?"

माणसं पुढे झाली. फिल्मवर डोकी टेकली. कोणीतरी छर्रे बोटाने मोजले.

"गावात बंदूक किती?" मागून आवाज आला.

एकच होती, ठासणीची, खोताच्या बागेत. सगळ्यांना ठाऊक होतं. मी छाती भरून श्वास घेतला. आता, मला वाटलं, आता सगळे वळतील.

वळले. पण खोताकडे नाही. गर्दीच्या कडेला खोताच्या बागेचा राखण्या उभा होता. वाळका म्हातारा. बंदूक खोताची, पण आंब्यावरचे वानर हाकलायला ती त्याच्या हातात असे.

"मी हवेत बार काढ म्हणालो होतो," खोत शांतपणे म्हणाला.

"मालक, तुमीच सांगितलांत ना, एक पाड, म्हंजे बाकीचे..." म्हातारा एवढंच बोलू शकला. त्याला चौघांनी उचलला.

दोर एकच होता. तो खाणकामगाराच्या अंगावरून सोडला आणि म्हाताऱ्याभोवती आवळला. खोताने माझ्या हातातली फिल्म काढून घेतली, उन्हात एकदा न्याहाळली आणि बंडीच्या खिशात सरकवली. मग दांडा उचलून त्याने खाणकामगारापुढे धरला.

"तुला उगाच मार बसला. तुझंही घर गावातच हाय ना रे? घरटी एक. पहिला तुझा."

"घेऊ नकोस," मी म्हणालो. "टाकून दे. बंदूक कोणाची, हुकूम कोणाचा, तू ऐकलंस ना?"

तो माझ्याकडे बघत राहिला. एक डोळा सुजून मिटलेला, हनुवटीवरून रक्त गळत होतं. मग त्याने दांडा घेतला आणि मारला. म्हाताऱ्याच्या दंडाचं हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला.

मी दांड्यावर झेप घेतली. मला तिघांनी धरून धुळीत दाबलं. कोणी मला मारलं नाही. गावचा दांडा पाहुण्यावर पडत नाही. मी तोंडात माती घेऊन शिव्या देत होतो आणि वर घरांची पाळी चालू होती. शेवटचा फटका पडल्यावर माणसं जेवायला गेली. खोतही गेला.

खाणकामगाराची बायको केव्हाच घराकडे वळली होती; देवळासमोर आम्ही तिघेच उरलो. मी दोर सोडवला. खाणकामगार थोडा वेळ बाजूला उकिडवा बसून राहिला, मग कोणाच्या तरी पडवीतून घोंगडी आणि बांबू घेऊन आला. घोंगडीची झोळी करून आम्ही म्हाताऱ्याला तिच्यात घातला. खाणकामगार पुढे, मी मागे. दवाखान्याला नेणारी एस.टी. फाट्यावर मिळायची, आणि तिथपर्यंतची वाट चढाची. प्रत्येक धक्क्याला झोळीतून कण्हणं येई.

चढ संपला तिथे, टेपावर, आम्ही झोळी खाली ठेवली. म्हाताऱ्याने डोळे उघडले. त्याने आधी मला पाहिलं, ओळखलं नाही. मग खाणकामगाराकडे पाहून त्याने बरा हात थोडासा वर केला.

"तुझा फटका हलका व्हता रे, पोरा," तो म्हणाला.

खाणकामगाराने बांबू पुन्हा खांद्यावर घेतला.

"नव्हता, काका."